योसेफ मेंढपाळांच्या रांगेत?

प्रिय पिल्लू,

काल नाताळच्या गोठ्यातल्या मूर्तींचा डबा उघडल्यावर तू विचारलंस, "बाबा, योसेफ मरीयेचा नवरा, पण येशूचा खरा बाबा नाही ना? मग त्याला मेंढपाळांत उभं करू?" मी "कर कुठेही" म्हणून मोकळा झालो. प्रश्न जरा लागला होता, खरं सांगायचं तर.

आधी नावाचं बघ. तुझ्या नावात मधे माझं नाव आहे, आणि इथल्या फॉर्मवर ते कुठल्या रकान्यात घालायचं यावरून तू दर वेळी वैतागतेस. योहानाच्या शुभवर्तमानात (बायबलमध्ये येशूची गोष्ट सांगणारी अशी चार पुस्तकं आहेत) फिलिप्प नथनेलला येशूची ओळख सांगतो ती अशीच: योसेफाचा मुलगा येशू, नासरेथकर. स्वतःचं, बापाचं, गावाचं. मराठी कानाला यात परकं काहीच नाही.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात हे नाव ठेवायला दूत स्वप्नात योसेफालाच सांगतो. त्या काळच्या यहुदी समाजात पुरुषाने मुलाला नाव दिलं की ते मूल कायद्याने त्याचं. मत्तयाने दिलेली येशूची वंशावळ अब्राहामापासून निघून दाविदावरून योसेफापर्यंत येते ती म्हणूनच. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो तेव्हा मरीयासुद्धा "तुझा बाप आणि मी" असंच म्हणते. 'खरा' कोणाला म्हणायचं ते तू ठरव, मी आग्रह करत नाही.

चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक वाक्य नाही. मत्तयात त्याला चार स्वप्नं पडतात, आणि दर वेळी तो उठतो आणि सांगितलेलं करतो. पहिल्या स्वप्नाआधी, लग्नाआधीच मरीयेला दिवस गेल्याचं कळून, तो तिला गुपचूप सोडायच्या विचारात होता, हेही लपवलेलं नाही. (तेव्हा नुसती ठरलेली सोयरीक मोडायलाही सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा कागद, लागायचा.) कॅथलिक उपासनेत हा उतारा सहसा 18 डिसेंबरला वाचतात.

येशूजन्माच्या जुन्या बायझंटाइन (पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतल्या) चित्रांत तो कोपऱ्यात, हाताला डोकं टेकून बसलेला दिसतो. गोठ्यात तो मागे जातो त्याला मात्र साधं कारण आहे: उभी मूर्ती उंच असते, पुढे ठेवली की बाळ झाकतं. योसेफ 20 सेंटिमीटर असेल तर गुडघ्यावरची मरीया 15 च्या आसपास हवी आणि बाळ 6. तयार संचात बाळ पुष्कळदा 11-12 चं निघतं, म्हणजे गव्हाणीत तीन वर्षांचं पोर! पण अगदी मागे सारलास तर छपराची सावली त्याच्या तोंडावर पडते. म्हणून गव्हाणीच्या उशाशी, बाजूला, अर्धा वळवून ठेव. नजर बाळाकडे, कंदिलाचा हात पुढे. दिवा आढ्याला आतून लाव, समोरून नको.

आपला योसेफ दर वर्षी पडतो तो गवतामुळे. काठी आणि कंदील दोन्ही पुढच्या बाजूला, त्यामुळे भार पुढे जातो, आणि गवतावर बूड सपाट बसत नाही. त्याच्यापुरतं गवत बाजूला कर, खाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा चिकटव, मूर्ती उभी कर आणि मग भोवती गवत सार. मेंढपाळांशी घोळ होत असेल तर हात बघ: कोकरू असलेला मेंढपाळ, कंदील असलेला योसेफ.

पण तो इतक्यात गोठ्यात नकोच. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी तो आणि मरीया खिडकीत, मग दर रविवारी गोठ्याकडे थोडे थोडे पुढे, आणि चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी. शुभवर्तमानांतल्या जन्माच्या गोष्टीत गाढव कुठे नाही, तरी असू दे. दोरी योसेफाच्या हातात दे.

खिडकीतली कुंडी मी हलवून ठेवली आहे.

तुझा,
बाबा