वाचवलेली बदकाची पिल्लं घरी आणली आहेत, पहिल्यांदाच पाळतोय. काय काळजी घ्यावी?

सगळ्यात आधी ऊब. आई नसलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सियस तापमान लागतं, पुढे दर आठवड्याला ३ अंशांनी कमी करत न्या. दिवा खोक्याच्या एकाच बाजूला लावा, म्हणजे उकडलं तर त्यांना सरकता येईल. दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजतेय. चोच उघडी टाकून लांब बसली तर जास्त तापलंय.

बदक आहे म्हणून लगेच टबात सोडू नका! आई नसलेल्या पिल्लांची लव पाणी शोषते, ती गारठतात, बुडूही शकतात. प्यायचं भांडं अरुंद ठेवा, पण चोच नाकपुड्यांसकट बुडायला हवी. पाणी खाण्याजवळच हवं, नाहीतर कोरडा घास अडकतो.

कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर खाद्य चालतं, औषध न मिसळलेलं घ्या. त्यातलं नायसिन (एक बी जीवनसत्त्व) बदकांना कमी पडतं आणि पाय अधू होतात, म्हणून थोडं ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची पूड) मिसळा. पाव नको. खाली वर्तमानपत्रही नको, त्यावर पाय घसरून फाकतात.

आणि पिल्लू एकटंच असेल तर त्याला कृपया जोडीदार आणा. एकटं पिल्लू सतत ओरडत राहतं, ते ऐकवत नाही.