भिंतीवर अठरा चित्रं लावली, पण तो बघतच नाही

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम आहे, थेरपिस्टनी घरी पिक्चर शेड्यूल, म्हणजे दिवसभरात कशानंतर काय होणार ते दाखवणारी चित्रं, लावायला सांगितलं म्हणून तू नेटवरून अठरा चित्रं प्रिंट करून, लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलीस आणि तो ढुंकूनही बघत नाही, वर दोन फाडली. त्यात सासूबाई म्हणतात चित्रं दाखवत बसलीस तर पोरगं बोलायचंच नाही.

आधी सासूबाईंचं. त्यांना काळजी वाटते म्हणूनच म्हणतात गं, पण चित्रांमुळे बोलणं थांबत नाही, यावर बराच अभ्यास झालाय आणि काही मुलांचं बोलणं उलट वाढलेलं दिसलंय. तू फक्त कार्ड दाखवताना तोंडानेही म्हणत जा, "आता आंघोळ". एवढंच, लांबलचक वाक्य नको.

आता ती अठरा चित्रं काढून ठेव. सुरुवात दोनच कार्डांनी कर, आधी आंघोळ, नंतर झोका. दुसरं कार्ड त्याच्या खूप आवडीचं पाहिजे आणि आंघोळ झाली की झोका लगेच मिळालाच पाहिजे, "थांब जरा, कुकर लावते" असं झालं तर त्या कार्डावरचा त्याचा विश्वास जातो. आणि नेटवरच्या चित्रात बाथटब असतो गं, फेस असतो, तुमच्या घरी बादली-मग! त्याला कसं कळणार ही आपलीच आंघोळ? मोबाईलवर त्याच्याच बादलीचा, त्याच्याच ताटाचा, चपलांचा फोटो काढ. फोटोही कळत नसेल तर सरळ वस्तू हातात दे, आंघोळीला मग, जेवायला चमचा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये १९७२ पासून चालू असलेल्या टीच नावाच्या प्रोग्रॅममध्येसुद्धा असंच करतात, मुलाला जे कळतं तिथूनच सुरुवात.

कार्ड त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लाव, वेलक्रोने, म्हणजे काम झालं की त्याने स्वतः काढून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. हे काढून टाकणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण 'संपलं' हे आपण कितीही वेळा सांगितलं तरी हवेत विरून जातं, डब्यात पडलेलं कार्ड मात्र दिसतं.

पाऊस आला, बाग रद्द झाली, तर बागेचं कार्ड तसंच ठेवू नकोस. त्याच्यासमोर ते काढ, 'बदल'चं एक कार्ड लाव (लाल बाण काढलास तरी चालेल) आणि शेजारी जे होणारे ते लाव. पण हे कार्ड पहिल्यांदा वाईट बातमीसाठी वापरू नको हं, आधी आठवडाभर चांगले बदल कर, अभ्यासाच्या जागी फुगे वगैरे. नाहीतर तो लाल बाण दिसला की रडायला लागेल.

आणखी एक, बऱ्याच घरांत बोर्डावर नुसती कामंच असतात, ब्रश, जेवण, अभ्यास. मग कोणतं मूल बघेल? पाण्यात खेळणं लाव, नुसतं लोळणं लाव. तो दिवस त्याचाही आहे ना.

फाडलेल्या दोन कार्डांसाठी रागावू नको. आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावतात त्याचं कार्ड करायचं असेल तर फोटो सासूबाईंना काढायला सांग, आणि रोज ते कार्ड त्याला त्याच दाखवू देत.