ऑस्ट्रेलियातला फ्लू कोण मोजतं, आणि नाशिककरांना त्याचं काय?

तुमचा प्रश्न असा: ऑस्ट्रेलियात फ्लू वाढल्याच्या बातम्या येतात, तो जगभर मोजतं कोण, आणि नाशकात दम्याचे वडील असलेल्या माणसाने त्यातून काय घ्यायचं. मी इथल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये 12 वर्षं टेक्निशियन आहे, स्वॅब घेणं हे माझं रोजचं काम. म्हणून तिथूनच सांगते.

मोजणी नाकापासून सुरू होते. नायलॉनची बारीक काडी नाकातून पार मागे, घशाच्या वरच्या भागापर्यंत घालायची आणि हलकेच फिरवायची. माणसाच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं. काडी लगेच व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या ट्यूबमध्ये, खुणेवर मोडायची, झाकण घट्ट. वर नाव, वय, तारीख. फॉर्मवर ताप कोणत्या दिवशी आला ते. मग तीन थरांचं पॅकिंग करून जेलपॅकच्या डब्यात, 2 ते 8 अंशांवर.

यातलं एक जरी चुकलं तरी नमुना वाया. गेल्या पावसाळ्यात निफाडकडच्या एका दोन वर्षांच्या मुलीचा स्वॅब दुसरीकडून आमच्याकडे आला, तो कापूस गुंडाळलेल्या लाकडी काडीवर, तोही कोरडा. कापूस आणि लाकूड पीसीआर तपासणीत, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधण्यात, अडथळा आणतात, त्यामुळे तो टाकूनच द्यावा लागला. तिची आई तापलेलं लेकरू पदरात गुंडाळून परत एसटीने आली. ते मला अजून लागतं.

प्रत्येक सर्दी-पडशाची नोंद कुठेच होत नाही, तशी गरजही नाही. ठरावीक रुग्णालयांत 38 अंश किंवा जास्त ताप, खोकला आणि आजार 10 दिवसांच्या आतला, अशा लोकांचे स्वॅब घेतात. व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेची आहे, म्हणून भारतातला आणि ब्राझीलमधला आकडा शेजारी ठेवता येतो. फ्लूवर नजर ठेवणारं संघटनेचं जाळं 1952 पासून चालू आहे. आज 120 हून जास्त देशांतल्या प्रयोगशाळा त्यात आहेत, आपली पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थासुद्धा. त्यांचे आठवड्याचे आकडे फ्लूनेट या संघटनेच्या ऑनलाइन तक्त्यावर कुणालाही बघता येतात.

तिथे बघाल तेव्हा नुसती रुग्णसंख्या बघू नका, ही माझी कळकळीची विनंती. एका आठवड्यात 20 स्वॅबपैकी 8 पॉझिटिव्ह आले आणि पुढच्या आठवड्यात 100 पैकी 15, तर रुग्ण जवळजवळ दुप्पट झाले अशी बातमी होईल. प्रत्यक्षात प्रमाण 40 टक्क्यांवरून 15 वर आलेलं असतं. तपासणी कमी केली तर साथही कागदावर कमी होते. उलट बाजूही आहे. फ्लू बी चा यामागाता हा वंश मार्च 2020 नंतर जगात खात्रीने कुठे सापडलेला नाही, आणि म्हणून आता तो लसीत नको असं संघटनेने सांगितलं. एखादी गोष्ट नाही म्हणायलाही लाखो स्वॅब सतत तपासावे लागतात.

आता नाशिक. ऑस्ट्रेलियात आज जे दिसतं ते सहा महिन्यांनी येतं, हा हिशेब युरोप-अमेरिकेचा, कारण त्यांचा हिवाळा नंतर येतो. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा चढतो: जानेवारी ते मार्च, आणि पावसाळ्यात व तो सरता सरता. ऑस्ट्रेलियाचा हिवाळा म्हणजे आपले आषाढ-श्रावण. त्यांची साथ आणि आपली पावसाळी साथ जवळजवळ एकाच वेळी चालते, म्हणून तिथली बातमी येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

लसीत कोणते विषाणू घालायचे ते संघटना वर्षातून दोनदा ठरवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. खोक्यावर गोलार्ध आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा आणि त्या वेळी मिळणारी सर्वांत ताजी लस मागा. वडिलांना दमा आहे, तर त्यांच्या डॉक्टरांशी एप्रिलमध्येच बोला. लस घेतल्यावर अंगात ताकद तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, त्यामुळे मृग लागायच्या आत, मे महिन्यातच टोचून घ्या.