गाडी बदलण्याआधी पाणी कुठे जातंय ते शोधा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गाडी ११ वर्षांची, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्राव) दर आठवड्याला कमी होतं आणि इंदूरहून माहेरी बऱ्हाणपूरला जाताना भेरू घाटात तापमानाचा काटा लालपर्यंत गेला. मेकॅनिकने हेड गॅस्केटचे, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधली सीलची पट्टी बदलण्याचे, २८ हजार सांगितले. त्यापेक्षा एफडी मोडून, वर ५ लाखांचं कर्ज काढून नवी गाडी घ्यावी का?

आत्ता घेऊ नका. साडेनऊ टक्क्यांनी ५ वर्षांचं कर्ज म्हणजे महिना साधारण साडेदहा हजारांचा हप्ता, एकूण ६ लाख ३० हजार. दुरुस्तीचा सगळा आकडा तीन हप्त्यांतसुद्धा बसतो.

पण ते २८ हजारही लगेच देऊ नका. मेकॅनिकने प्रेशर टेस्ट केली होती का? तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. इंजिन पूर्ण थंड असताना हातपंपाने रेडिएटरमध्ये (कूलंट थंड करणाऱ्या जाळीत) त्याच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात. पंपावरचा दाबाचा काटा उतरला की कुठेतरी गळतंय. मग रबरी नळ्यांच्या (होजच्या) क्लिपा, रेडिएटरचे जोड, वॉटर पंपाच्या खालची बाजू बघायची. वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा हिरवा थर तिथे चिकटलेला असतो. पुढच्या सीटसमोरचं कार्पेटही चाचपा, ओलं आणि चिकट लागलं तर हीटरमधून गळतंय. यातलं बरंचसं काम हेड न उघडता होतं.

बाहेर कुठेच ओल नसेल, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल किंवा डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ दिसत असेल, तर गॅस्केटचा संशय रास्त आहे. तेव्हा निळ्या द्रावाची चाचणी करून घ्या. इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर तो द्राव पिवळा पडतो. त्यानंतरच हेड उघडू द्या, आणि हेड वाकलेलं निघालं तर ते मशीनवर सपाट करून घेण्याचे (मशीनिंगचे) किती, हे आधी लिहून घ्या. सगळा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर मी विकायलाच सांगेन.

तोवर इंदूरबाहेर गाडी नेऊ नका. नुसतं नळाचं पाणी ओतत राहिलात तर आतून गंज चढतो. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, चेहरा भाजतो.

एफडी तशीच राहू द्या. दुरुस्ती झाली की महिना ५ हजारांची आरडी सुरू करा. पुढची गाडी घेताना कर्ज तेवढं कमी लागेल.