शाळेतल्या कोंबड्या आणि उरलेली खिचडी

प्रश्न : आमच्या प्राथमिक शाळेचा पट 120 आहे. पोषण आहाराची चारेक किलो खिचडी रोज उरते, भाजीची देठं-सालंही निघतात. 10 गावरान कोंबड्या पाळल्या तर हे सगळं संपेल का? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : नाही संपणार. मोठी कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम कोरडं खाद्य खाते. खिचडी कोंबडीमागे 50 ग्रॅमच्या वर देऊ नका, म्हणजे दहा जणींना अर्धा किलो. भातात प्रथिनं आणि कॅल्शियम कमी. त्यानेच पोट भरलं तर लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) पडून राहतं, कवच पातळ होतं आणि अंडीही घटतात.

बाकीची खिचडी उरूच नये, यासाठी आधी झटा. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ असतो. तो पटावर नव्हे, सकाळच्या हजेरीवर मोजून द्या. 15 मुलं गैरहजर असतील तर दीड किलो तांदूळ वाचतो, आणि शिजल्यावर तीच तुमची चार किलो खिचडी!

खिचडी दुपारीच परातीत द्या, अर्ध्या तासाने उरलेली उचला. खुराड्यात अंथरलेल्या तुसात सांडलेला भात बुरसटतो आणि ती बुरशी कोंबडीचं यकृत बिघडवते. लोणचं, पापड, कच्ची डाळ, बटाट्याची हिरवी सालं नकोत. मेथीची देठं, कोबीची पानं मात्र जुडी बांधून चोचीच्या उंचीवर टांगा; खाली टाकली की तुडवली जातात.

खुराडं 30 चौरस फुटांचं, खाली चार इंच भाताचं तूस. आठवड्यातून दोनदा ते खालीवर करा. पाण्याच्या भांड्याजवळ तूस हमखास भिजतं. तिथूनच डोळे चुरचुरवणारा अमोनिया आणि रक्ती हगवण सुरू होते. म्हणून भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा. साधी कोंबडीजाळी कुत्री फाडतात. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (सांधे वेल्डिंग केलेली तारेची जाळी) लावा आणि मुंगूस खालून उकरून शिरू नये म्हणून ती फूटभर जमिनीत गाडा. कोंबडा नसला तरी अंडी मिळतात, वर्गात आरवणंही नाही.

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत काय करायचं?

उत्तर : कोंबड्या आणण्याआधीच पाळ्या लावा, माणूस ठरत नसेल तर आणूच नका. सुट्टीत खिचडी नसते, तेव्हा महिन्याला 35 किलो खाद्य धरा. उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागतं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून आधीच टोचून घ्या. दोन-तीन कोंबड्या एकदम मेल्या तर मुलांना हात लावू देऊ नका, दवाखान्याला लगेच कळवा. एरवीही खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना ताटावर बसवू नका.