वाचकांचे प्रश्न : धोंड्या नाव का पडलं?

प्रश्न : घरी मला धोंड्या म्हणत. मोठी आत्या सांगते, "तुह्या आधीचे दोघं गेले, म्हून तुले धोंड्या म्हनलं." काका म्हणतात, धोंड्याच्या महिन्यातला म्हणून. दाखल्यावर जन्म 1 जुलै 1966, पण आई सांगायची, पोळ्याच्या सव्वा-दीड महिना आधीचा. गाव काटोल तालुक्यातलं. खरं कोणाचं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : दाखल्यावरची तारीख आधी बाजूला ठेवा. शाळा सुरू होताना गुरुजी अंदाजे वय धरून 1 जून किंवा 1 जुलै लिहून टाकत. त्या काळच्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी निघतो. आईची खूण जास्त भरवशाची. 1966 मध्ये श्रावण अधिक होता, 19 जुलै ते 16 ऑगस्ट. पोळा आला 14 सप्टेंबरला. तिथून सव्वा-दीड महिना मागे गेलं की ऑगस्टचा पहिला आठवडा लागतो, म्हणजे ऐन धोंड्याचा महिना. काकांचं गणित जुळतं.

त्यामुळे आत्या खोटी ठरत नाही. लेकरं जगत नसली की पुढच्याला मुद्दाम टाकाऊ वस्तूचं नाव देत, नजर लागू नये म्हणून : दगडू, कचरू, उकंडा. सुपात घालून उकिरड्यावर ठेवलेला तो सुपडा, नाक टोचलेला तो नथ्थू. आरशात नाकपुडी नीट पाहा. बुजलेल्या भोकाचा बारीक ठिपका दिसला, तर आत्याची बाजू बळकट होते.

पक्कं करायचं असेल तर कोतवाल बुक पाहा. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहीत. जुनी बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. गाव, वडिलांचं नाव आणि 1958 ते 1966 ही वर्षं अर्जात लिहून नकला मागा. त्यात 'धोंड्या' शोधू नका, बहुतेक नोंदींत बाळाचं नावच नसतं, नुसतं 'अमक्यास मुलगा'. आडनावही कित्येकदा गाळलेलं असतं, म्हणून आजोबांचं नाव हाताशी हवं. तारीख नोंद केल्याची असली तर जन्माच्या काही दिवस पुढची निघते. तुमची 16 ऑगस्टनंतरची निघाली, तरी तेवढ्यावर काकांना खोटं पाडू नका.

खरी मेख वेगळीच आहे : पहिली बाळंतपणं माहेरी होत. आधीची दोघं तुमच्या गावच्या बुकात सापडली नाहीत, तर आईच्या माहेरचं बुक काढा. मृत्यूच्या नोंदी मात्र सासरच्या गावी असू शकतात. दोन्ही गावं पाहिल्याशिवाय 'आधी कोणी नव्हतं' असं ठरवू नका.

दोघांचंही खरं निघेल, असा आमचा अंदाज. दोन लेकरं गेलेल्या घरात अधिकात मुलगा झाला, तर दुसरं नाव कोण शोधत बसेल?

प्रश्न : सासरचे पुण्याचे. विचारतात, मराठी घरात गुड्डू, मुन्ना कसे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : 1861 पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं आणि 1956 पर्यंत राजधानीच राहिलं. कचेरीत, बाजारात, शेजारात हिंदी होतीच; ती पाळण्यापर्यंत आली. पण नाव हिंदी असलं तरी प्रत्यय आपलाच लागतो : "गुड्डूले आवाज दे."