ठेकेदाराकडील नोकरी सोडताना

प्रश्न : कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी तीन वर्षे ठेकेदारामार्फत गुणवत्ता तपासनीस म्हणून काम करते. पर्यवेक्षक सर्वांसमोर अपशब्द वापरतात, जादा तासांचे पैसे मिळत नाहीत आणि नोकरी सोडलीस तर अनुभवाचा दाखला देणार नाही, असे बजावले जाते. उद्यापासून कामावर जाणेच बंद करावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अशा ठिकाणी राहू नका, हे मी निःसंकोचपणे सांगेन. मात्र न कळवता जाणे बंद केलेत, तर ‘ती काम टाकून गेली’ हे ठेकेदाराचे म्हणणे खोडून काढणे अवघड होईल.

राजीनाम्यापूर्वी भविष्य निर्वाह निधीची नोंद पाहा. यूएएनला, म्हणजे निधीच्या तुमच्या कायम खाते क्रमांकाला, तुमचाच मोबाइल क्रमांक जोडलेला आहे याची खात्री करा. निधीच्या पोर्टलवरील सेवेचा तपशील आणि पासबुक उतरवून घ्या. रुजू झाल्याची तारीख व दरमहाची वर्गणी दाखवणारा हा पुरावा ठेकेदाराच्या मर्जीवर अवलंबून नाही. कारखाना तोच राहून ठेकेदार बदलत गेले असतील, तर तेथे आस्थापनांची नावे वेगवेगळी दिसतील. अशा वेळी तुम्ही त्याच कारखान्यात होता हे जोडून दाखवणारा गेटपास किंवा ओळखपत्र फार मोलाचे ठरते, म्हणून ते परत करण्यापूर्वी त्याची छायाप्रत काढा. नेमणूकपत्र, पगारपत्रके आणि पगार जमा झाल्याचा बँकेचा उतारा घरी ठेवा. कारखान्याची रेखाचित्रे वा तपासणी अहवाल मात्र घेऊ नका. ते तुमचे नाहीत आणि त्यावरून तुमच्यावरच तक्रार होऊ शकते.

नंतर नेमणूकपत्रातील मुदतीनुसार लेखी राजीनामा द्या, त्यातच अनुभव प्रमाणपत्र मागा आणि पोच घ्या. पोच नाकारल्यास स्पीड पोस्टाने पाठवा. लेखी मागणीला महत्त्व आहे, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनुसार ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या ठेकेदाराने मागणी होताच असे प्रमाणपत्र द्यायचे असते. टाळाटाळ झाल्यास कारखान्याच्या व्यवस्थापनाला कळवा आणि सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करा. जादा तासांच्या थकीत पैशांचा उल्लेखही त्यातच असू द्या.

ठेकेदाराने निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः पोर्टलवर नोंदवता येते.